मेहुण्याच्या नावावर गेलेला प्लॉट आणि सांगलीतल्या वकील मॅडम : माझा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगतो, ऑफिसचं नाव लिहिणार नाही. मॅडमच म्हणाल्या, काका, बरं-वाईट काय लिहायचं ते लिहा पण माझं नाव नको, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, उद्या कुणी म्हणायचं हिनंच लिहून घेतलं. त्यामुळं कमेंटमध्ये नाव विचारू नका, मी देणार नाही. विजयनगरला कोर्टाच्या आसपास वकिलांच्या पाट्या एकावर एक लागल्यात त्यातलंच एक ऑफिस, खाली झेरॉक्स, वर दोन खोल्या, एवढं पुरे.

आता माझं रडगाणं थोडक्यात. मी एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक, २०१७ ला रिटायर झालो. फंड, ग्रॅच्युइटी मिळून जे आलं त्यातले ८ लाख नोव्हेंबर २०१७ ला मित्राला हातउसने दिले. मित्र म्हणजे शाळेपासूनचा, एका बाकावरचा, बेदाण्याच्या धंद्यात, तासगावच्या सौद्याला कायम हजर. माल कोल्ड स्टोरेजला पडलाय, भाव आला की काढतो, वर्षात तुझे पैसे परत, असं म्हणला. ८ लाख आरटीजीएस केले हे देवानं सुचवलं म्हणायचं, कारण त्याच्या आधी दीड लाख रोख पण दिले होते, घरात बसून चहा पिता पिता, आणि ते दीड लाख आज कुठल्याच कागदावर नाहीत. २० हजार आणि त्याच्या वरचे उसने पैसे रोखीत घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्याला चालत नाही हे मला ६० व्या वर्षी कळलं. त्या दीड लाखावर मी पाणी सोडलं, त्याचं परत नाव काढत नाही.

वर्षानं त्यानं चेक दिला, तारीख १ डिसेंबर २०१८. ५ तारखेला बँकेनं परत पाठवला, खात्यात शिल्लक नाही. मग मी गेलो एका वकिलाकडं (ते हे ऑफिस नव्हे, ते वेगळे, त्यांचं पण नाव नको). त्यांनी नोटीस कधी पाठवली तर १४ जानेवारी २०१९. तारीख कशी लक्षात राहिली, तर त्या दिवशी भोगी होती, घरी बाजरीची भाकरी आणि खेंगट, आणि मी पोस्टात रजिस्टर एडीच्या लाईनीत. मला काय माहीत की चेक बाऊन्सची १३८ ची नोटीस बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांच्या आत जायला लागते. म्हणजे ४ जानेवारीला मुदत संपली होती आणि आम्ही दहा दिवस उशिरा. त्या वकिलांनी मला हे सांगितलंच नाही, नुसतं म्हणले आपण वसुलीचा दावा टाकू. नंतर मॅडमनी फाईल बघून पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की काका, चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तेवढ्यात परत बँकेत टाकला असता तर परत बाऊन्स होऊन नवीन ३० दिवस मिळाले असते. हे ऐकून मी खिडकीतनं खाली झेरॉक्सच्या दुकानाकडं बघत बसलो होतो बराच वेळ.

तर एप्रिल २०१९ ला दावा टाकला, ऑगस्टला महापूर आला, पुढं लॉकडाऊन, मित्रानं कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलं की मी बेकायदेशीर सावकारी करतो. आयुष्यभर गाड्यांखाली झोपून ग्रीस खाल्लं आणि म्हातारपणी सावकार झालो! कोर्टानं ते मानलं नाही, एकदा मित्राला पैसे दिले म्हणून तो सावकारीचा धंदा होत नाही. फेब्रुवारी २०२१ ला हुकूमनामा माझ्या बाजूनं, ८ लाख आणि दावा टाकल्या तारखेपासून ६ टक्के व्याज. पेढे वाटले आम्ही. पहिले वकील म्हणले आता दरखास्त (हुकूमनाम्याप्रमाणं वसुली करून द्या असा अर्ज) टाकू आणि त्याचा प्लॉट जप्त करू. दरखास्तीसाठी प्रॉपर्टी कार्ड काढलं तर प्लॉट त्याच्या मेहुण्याच्या नावावर आणि राहता बंगला बायकोच्या नावावर! दोन्ही २०१९ लाच झालेलं. दोन वर्षं मी एका अशा माणसाविरुद्ध दावा चालवत होतो ज्याच्या नावावर एक जुनी मोटारसायकल सोडून काही नव्हतं.

पहिले वकील म्हणले, आता अवघड आहे, हुकूमनामा १२ वर्षं चालतो, बघू पुढं काही नावावर आलं तर. १२ वर्षं म्हणजे मी तोपर्यंत ७० च्या पुढं.

इथनं खरा रिव्ह्यू सुरू.

मार्च २०२१ ला पोराच्या मित्रानं या मॅडमचं नाव सांगितलं. पहिल्या भेटीत मॅडमनी माझी कहाणी ऐकलीच नाही नीट, मला जरा रागच आला, म्हणलं बाई घाईत दिसतात. त्यांनी फक्त विचारलं, नोटीस कोणत्या तारखेची? आणि कंप्युटरवर आयजीआरच्या (दस्त नोंदणी खात्याच्या) साईटला ई-सर्च उघडून गाव, नंबर टाकत बसल्या. थोड्या वेळानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), दोन दस्त. एक बक्षीसपत्र, नवरा ते बायको, बंगला. दुसरं खरेदीखत, मित्र ते मेहुणा, प्लॉट. दोन्हीची तारीख ४ फेब्रुवारी २०१९. दस्ताचे नंबर लागोपाठ. म्हणजे एकाच दिवशी एका पाठोपाठ एक अंगठे दिलेत, माझी नोटीस गेल्यापासून २१ दिवसांनी.

मॅडमनी पेन घेऊन खरेदीखतावरच्या दोन आकड्यांवर गोल केला, मोबदला ६ लाख, बाजारभाव ९ लाख. म्हणाल्या बघा, कागदावर व्यवहार सहाचा दाखवलाय, पण स्टँप ड्युटी सरकारी बाजारमूल्यावर भरायला लागते म्हणून नऊ लाखावर भरलीय. कोण नऊचा माल सहाला विकतो काका? आणि बक्षीसपत्राला तर काहीच लागलं नाही, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायकोला, मुलाला, नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक २०० रुपये, वरचे सेस न् नोंदणीचा खर्च वेगळा. दोनशेच्या स्टँपवर माझे आठ लाख गायब झाले होते. आमच्याकडं हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, वरनं बघितलं तर नुसती माती आणि आत शेकडो पोती. तसं केलं होतं यानं, जागच्या जागी सगळं, फक्त वरनं दिसत नव्हतं.

मग मॅडमनी कायदा सांगितला आणि तो मला समजला ही त्या बाईंची खरी कला, कारण मी दहावी पास माणूस. कायदा जुना आहे, मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चा, कलम ५३. देणेकऱ्यानं धनकोंना (म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना) बुडवायच्या किंवा लटकवायच्या इराद्यानं स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली तर बुडालेला धनको तो व्यवहार कोर्टाकडनं आपल्यापुरता रद्दबातल ठरवून घेऊ शकतो. यात दोन गोष्टी मला आधी उलट्या वाटत होत्या. एक म्हणजे व्यवहार आपोआप रद्द नसतो, तुम्ही दावा करून कोर्टापुढं आणायला लागतो, नाही आणला तर तो चालूच. दुसरं म्हणजे रद्द झाला तरी प्लॉट माझ्या नावावर होत नाही, फक्त माझ्या वसुलीसाठी तो जणू मित्राचाच धरायचा, मेहुणा आणि तो यांच्यात काय ते त्यांचं ते बघतील. आणि समोरच्याला बचाव एकच, मेहुण्यानं खरंच पैसे मोजले असतील आणि या लबाडीची त्याला खबर नसेल तर तो सुटतो. दोन्ही लागतं, नुसते पैसे मोजून भागत नाही. बायकोच्या बक्षीसपत्राला हा बचाव मुळातच नाही, कारण तिथं पैसेच दिलेले नाहीत.

मी म्हणलं, इरादा कसा सिद्ध करायचा, त्याच्या डोक्यात शिरून बघायचं का? तेव्हा मॅडमनी मेंढरांची गोष्ट सांगितली आणि तिथं मी फी द्यायला तयार झालो. इंग्लंडातली १६०१ ची केस, ट्वाईन म्हणून माणूस होता. पियर्स नावाचा शेतकरी ट्वाईनचे ४०० पौंड देणं लागत होता आणि दुसऱ्या एकाचे २००. त्या दुसऱ्यानं दावा लावल्यावर पियर्सनं गुपचूप आपलं सगळं किडूकमिडूक ट्वाईनला लिहून दिलं. पण मेंढरं स्वतःकडंच ठेवली, काही विकली, लोकर कातरली, आणि अंगावर खूण केली ती पण स्वतःचीच! कोर्ट म्हणलं, अरे दिलं म्हणतोस आणि खूण तुझी? तेव्हापासून कोर्टं असल्या खुणा बघतात, व्यवहार गुपचूप झाला का, दावा-नोटीस आल्यावर घाईत झाला का, जवळच्या नातेवाईकाला दिलं का, सगळंच देऊन टाकलं का, किंमत कमी लावली का, आणि देऊन झाल्यावर पण वापरतो कोण. आटपाडीच्या बाजारात मेंढरू घेतलं तरी आपण आधी रंगाची खूण बघतो कुणाची आहे, हे मला लगेच पटलं.

मॅडम म्हणाल्या, आता तुमच्या मित्राच्या मेंढरावर खूण कुणाची ते शोधा. आणि मला कामाला लावलं! हे मला आवडलं पण आणि नाही पण, एवढी फी घेऊन वर मीच हिंडायचं. पण शोधलं. प्लॉटवर एक पत्र्याचं शेड आहे, त्यात बेदाण्याचे क्रेट मित्राचेच, रस्त्यावरनं फोटो काढले. शेडचं महावितरणचं बिल २०२१ मध्ये पण मित्राच्या नावावर. २०२० ला कंपाऊंड घातलं त्या गवंड्याला मी ओळखत होतो, तो म्हणला पैसे तर तुमच्या मित्रानंच दिले की, मेहुणा कोण?

दावा टाकायच्या आधी एक प्रश्न मी विचारला होता तो इथं लिहितो, कारण बऱ्याच जणांना पडेल. दुसऱ्या एका वकिलांनी मला सांगितलेलं की वेगळा दावा कशाला, दरखास्तीतच प्लॉट जप्त करा, मेहुणा हरकत घेऊन येईल तेव्हा ५३ चा मुद्दा काढा. मॅडम म्हणाल्या तो रस्ता पण खरा आहे, १९६३ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की जप्ती करणारा धनको आपला बचाव म्हणून हे म्हणू शकतो. पण आपल्याला एक नाही दोन मालमत्ता सोडवायच्यात, कार्डावर नावं बदलून दोन वर्षं झालीत, आणि मेहुण्यानं तिसऱ्याला प्लॉट विकला तर तो तिसरा म्हणेल मला काय माहीत, मी पूर्ण पैसे देऊन घेतला. म्हणून दावा, त्यात मालमत्ता विकायला मनाईचा अर्ज, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवून ठेवायची, म्हणजे कुणीही सर्च घेतला की आपला दावा दिसणार. मुदतीचं पण त्यांनी बघितलं, दस्त रद्द मागायला आपल्याला कळल्यापासून तीन वर्षं. आम्हाला कळलं २०२१ ला, दावा जून २०२१ ला, त्यामुळं तिकडनं हरकत आली ती टिकली नाही.

आणि आता ती गोष्ट जी पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितली होती, मी मान डोलावली होती, आणि जिचा मला तीन वर्षांनी दणका बसला. हा दावा एकट्यासाठी करता येत नाही. सगळ्या धनकोंच्या वतीनं, सगळ्यांच्या भल्यासाठी करायला लागतो. म्हणजे खर्च तुमचा, चपला तुमच्या झिजणार, आणि मित्रानं अजून कुणाकुणाला बुडवलं असेल तर ते पण पंगतीला.

मनाई मिळायला दोन-अडीच महिने गेले. तेवढ्यात एक एजंट प्लॉट बघून गेला होता हे मला त्या गवंड्याकडनंच कळलं, छातीत धडधडत होतं नुसतं. पण ऑगस्ट २०२१ ला मनाई आली.

मग टायपिंगची चूक. हा एक स्टार मी इथं कापलाय. दाव्यात प्लॉटच्या सिटी सर्व्हे नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले. ऑफिसात टाईप झालं, ज्युनियरनं वाचलं, मी सही केली, कुणाच्या लक्षात नाही. समोरच्या वकिलानं बरोबर पकडलं, म्हणले ही मालमत्ता आमची नाहीच. दुरुस्ती अर्ज, त्याच्यावर त्यांचं म्हणणं, त्याच्यावर युक्तिवाद, चार महिने गेले. मॅडमनी चूक कबूल केली, त्या अर्जाची फी घेतली नाही हे खरं, पण चार महिने ते चार महिने. तुम्ही कुणाकडं पण जावा, नंबर स्वतः प्रॉपर्टी कार्ड शेजारी धरून बोट ठेवून वाचा.

बाकी ऑफिसबद्दल. फी ३५ हजार ठरली, तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी पावती. पहिल्या वकिलांनी पावती हा शब्द कधी ऐकला नव्हता. तारीख झाली की संध्याकाळी व्हॉट्सॲपला एक ओळ यायची, काय झालं, पुढची तारीख काय. मला केसचा सीएनआर नंबर देऊन ई-कोर्ट्सचं ॲप पण टाकून दिलं मोबाईलमध्ये, मग मी रात्री जेवण झालं की उगीच उघडून बघायचो, हिला वाटायचं मी क्रिकेटचा स्कोअर बघतोय. बसायला मात्र चार खुर्च्या आणि माणसं दहा, संध्याकाळी सहाची वेळ दिली तर साडेसातला नंबर. पंखा आवाज करतो. चहा मिळतो, साखर जास्त. ज्युनियर पोरगं गोड आहे पण फोन उचलत नाही. आणि मॅडम खोटा दिलासा देत नाहीत, ते कुणाला आवडेल कुणाला नाही. एकदा मी विचारलं, मॅडम जिंकणार ना आपण? तर म्हणाल्या, एक भोक आहे, ते बुजेल असं अजून वाटत नाही.

ते भोक असं. मेहुण्यानं कैफियतीत लिहिलं की मी पण या दाजींना पूर्वी पैसे उसने दिले होते, ते फिटावेत म्हणून मी प्लॉट घेतला. आणि हे जर खरं निघालं तर आपण हरू शकतो. कारण देणेकरी पाच जणांचं देणं लागत असेल आणि त्यानं त्यातल्या एकाचं खरंखुरं देणं आधी फेडलं तर ती लबाडी होत नाही, प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट) १९१५ ला एका निकालात हे सांगून ठेवलंय आणि अजून तेच धरतात. म्हणजे मित्र मला सोडून मेहुण्याचं आधी फेडू शकतो, कायद्याची ना नाही. मला हे ऐकून झोप लागली नाही, हा कसला कायदा? पण विचार केला तर बरोबर पण आहे, उद्या माझंच आधी फेडलं असतं तर मी परत दिलं असतं का?

उलटतपास झाला नोव्हेंबर २०२३ ला. मी मागच्या बाकावर. मेहुणा पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध. मॅडमनी सुरुवात एकदम गोड केली, पाटील कुठले, शेती किती. मग विचारलं, खरेदीखताच्या दिवशी ६ लाख रोख दिले असं दस्तात लिहिलंय, ते खरं का? खरं. कुठनं आणले? शेतीतनं. पीक काय? द्राक्ष. मॅडमनी सातबारा पुढं केला, वडिलांच्या नावावर, आणि पिकाच्या नोंदीत तीन वर्षं ऊस. गडी गप्प. मग म्हणाल्या, कैफियतीत तुम्ही म्हणता जुनं देणं फिटलं म्हणून प्लॉट घेतला. मग रोख दिले की जुनं देणं वळतं केलं? दोन्हीतलं खरं कुठलं? तो म्हणला, दोन्ही. जज साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं.

आणि मग तो प्रश्न, जो मी आयुष्यात विसरणार नाही. प्लॉट तुमचा आहे ना? हो. त्याच्या पूर्वेला काय आहे? मेहुणा म्हणला, रस्ता. दस्तातल्या चतुःसीमेत रस्ता पश्चिमेला. पूर्वेला ओढा! ज्या माणसानं सहा लाखाला प्लॉट घेतला त्याला स्वतःच्या प्लॉटशेजारचा ओढा माहीत नाही. मित्र माझ्या पुढच्या बाकावर बसला होता, त्यानं मान खाली घातली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याची ती मान शाळेत छडी खाताना जशी जायची तशीच गेली होती, ते बघून कसंतरी झालं. असो.

त्यानंतर पुढच्या दोन तारखांत तडजोडीचा निरोप आला. मी म्हणलं घ्या मिटवून. मॅडम म्हणाल्या असं मिटवता येत नाही, दावा सगळ्या धनकोंच्या वतीनं आहे, कोर्टाची परवानगी लागते आणि बाकीच्यांना कळवायला लागतं, पेपरात जाहीर नोटीस द्यायला लागेल. दिली. आणि आले की दोघं! एक खताचा दुकानदार, साडेतीन लाख, एक ट्रान्सपोर्टवाला, दोन लाख. माझे व्याज धरून तोवर साडेदहा झालेले. एकूण १६ लाख देणं. मी मॅडमना म्हणलं, हे दोघं तीन वर्षं कुठं होते, मी एकटा उन्हात उभा होतो. त्या म्हणाल्या, काका, पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं. पण सांगणं आणि आपल्या ताटातनं उचलून दुसऱ्याला वाढलेलं बघणं यात फरक असतो की नाही?

मॅडमनी एक बरं केलं, माझा कोर्ट फी, जाहिरात, सर्च वगैरे खर्चापोटी ४० हजार आधी वजा होतील हे तडजोडीत घातलं. प्लॉट सगळ्यांच्या संमतीनं १२ लाख ४० हजाराला विकला गेला, ४० हजार मला, उरलेले १२ लाख तिघांत देण्याच्या प्रमाणात, म्हणजे रुपयाला बारा आणे. माझ्या वाट्याला ७ लाख ८७ हजार ५००. मार्च २०२५ ला खात्यावर आले. राहिलेले २ लाख ६२ हजार ५०० साठी बायकोनं बंगला फेडेपर्यंत विकणार नाही, गहाण टाकणार नाही असं कोर्टात लिहून दिलंय, हप्ते चालू आहेत, दोन चुकले, एक उशिरा आला.

मध्यंतरी कुणीतरी मला पोलिसात जा म्हणलेलं. धनकोंना बुडवायला मालमत्ता लपवणं, दस्तात खोटा मोबदला लिहिणं हे गुन्हे आहेतच, तेव्हा आयपीसी ४२१ ते ४२४ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत ३२० ते ३२३. मॅडम म्हणाल्या पाहिजे तर जा, पण चौकीत दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील आणि तुमचा जोर तिथं जाईल. मी गेलो नाही. कुणी गेलं असेल तर अनुभव लिहा.

आणि पतसंस्थेचं कर्ज बुडालेलं असेल तर हे सगळं वाचून घाबरू नका, त्यांना सहकार कायद्यात कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो, त्यांचा रस्ता वेगळा. ही कटकट आपल्यासारख्या हातउसने देणाऱ्यांची.

कुणाकडं जायचं असेल तर नोटीस पाठवायच्या आधी समोरच्याच्या मालमत्तेचा सर्च घ्या आणि वकिलाला विचारा की दाव्याबरोबरच निकालाआधी जप्तीचा किंवा मनाईचा अर्ज होतो का. जप्ती सहज मिळत नाही, तो खरंच विकायच्या किंवा लपवायच्या तयारीत आहे हे दाखवायला लागतं, पण माझ्या पहिल्या वकिलांनी विचार पण केला नव्हता. या मॅडमकडं गेलात तर (नाव नाही सांगणार म्हणलं ना) सहाची वेळ घेतली तरी सातला जावा, कागदाचे दोन सेट न्या, आणि झेरॉक्स खालीच काढा, मात्र तो शनिवारी दुपारनंतर बंद असतो.